स्वयंपाकघरातील साधक

पॅरिस शहरात व्होजिरार नावाचा एक लांबच लांब रस्ता आहे. सतराव्या शतकात या रस्त्याच्या कडेला कार्मेल संघाच्या संन्याशांचा एक मोठा मठ होता. मठाच्या चर्चवर घुमट होता, वेदीपुढे दिवे तेवत असत आणि ठरलेल्या वेळी घंटा वाजली की सारे मठवासी प्रार्थनेसाठी एकत्र येत. तेथे शास्त्र पढलेले धर्मगुरू होते, वक्तेही होते. परंतु त्या मठातील ज्या पुरुषाचे नाव आज जगभर आदराने घेतले जाते, तो धर्मगुरू नव्हता आणि वक्ताही नव्हता. तो त्या मठाचा आचारी होता. त्याचे नाव ब्रदर लॉरेन्स.

चर्च हे देवाचे घर, असे ख्रिस्ती लोक मानतात. परंतु ख्रिस्ती धर्मग्रंथात याहून जवळच्या एका घराचाही निर्देश आहे. संत पौल यांनी करिंथ येथील श्रद्धावंतांना लिहिलेल्या पत्रात मनुष्यालाच देवाचे मंदिर म्हटले आहे. प्रभूवर प्रीती करणाऱ्याच्या अंतःकरणात देव राहावयास येतो, असा बोध योहानाच्या शुभवर्तमानातही आढळतो. ही शिकवण ऐकावयास गोड आहे. पण सकाळी चूल पेटल्यापासून रात्री भांडी घासून होईपर्यंत ज्याला क्षणाची उसंत नाही, त्याने ती आचरणात कशी आणावी? देव अंतरी राहतो म्हणावे, तर कामाच्या रगाड्यात त्याच्याकडे पाहावयाचे केव्हा? या प्रश्नाचे उत्तर ब्रदर लॉरेन्स यांनी एखादा ग्रंथ रचून दिले नाही. ते त्यांनी जगून दाखविले.

त्यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. इ. स. १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतातील ल्युनेव्हिल गावाजवळच्या एरिमेनील या खेड्यात त्यांचा जन्म झाला. आज हा प्रदेश फ्रान्स देशात मोडतो. त्या काळी तेथे ड्यूकची स्वतंत्र सत्ता होती. निकोलसचे आईबाप गरीब, पण भाविक होते. मुलाला फारसे शिक्षण देणे त्यांना शक्य झाले नाही. देवाची भीती आणि प्रामाणिकपणा एवढीच शिदोरी त्यांनी त्याला दिली.

निकोलस अठरा वर्षांचा असताना एक साधीच गोष्ट घडली. हिवाळ्याचे दिवस होते. एके ठिकाणी एक वृक्ष त्याच्या दृष्टीस पडला. त्याची सारी पाने गळून गेली होती आणि नुसत्या काटक्या आकाशात उभ्या होत्या. तो वृक्ष मेलेलाच वाटावा असा होता. निकोलस त्याच्याकडे पाहत राहिला. थोड्याच दिवसांत या काटक्यांना पालवी फुटेल, मग फुले येतील, फळे धरतील, हा विचार त्याच्या मनात आला. आणि ज्याच्या सत्तेने हे सारे घडते, तो देव या क्षणी येथेच आहे, अशी जाणीव त्याच्या अंतःकरणात एकाएकी जागी झाली. असे वृक्ष त्या हिवाळ्यात हजारो लोकांनी पाहिले असतील. निकोलसला मात्र तो वृक्ष जन्मभर विसरता आला नाही. त्या दिवशी देवाविषयी जी प्रीती आपल्या मनात उपजली, तिच्यात पुढील चाळीस वर्षांत वाढ झाली की नाही हे आपणांस सांगता येणार नाही, असे ते म्हातारपणी सांगत असत.

परंतु त्या वेळी त्याच्या वाट्याला शांतीचे जीवन यावयाचे नव्हते. युरोपात तेव्हा घोर युद्ध चालू होते. इ. स. १६१८ साली सुरू झालेले हे युद्ध १६४८ पर्यंत चालले, म्हणून इतिहासात ते तीस वर्षांचे युद्ध या नावाने ओळखले जाते. फ्रेंच, जर्मन, स्वीडिश अशा नाना सैन्यांच्या टाचांखाली लोरेनची भूमी तुडविली गेली. गावे जळाली, शेते ओस पडली, दुष्काळ आणि रोगराई यांनी उरलेसुरले लोक गारद केले. लोरेनमधीलच झाक कालो या चित्रकाराने १६३३ साली या युद्धाच्या हालअपेष्टा दाखविणारी चित्रमाला प्रसिद्ध केली. ती पाहिली म्हणजे आजही अंगावर काटा येतो. अशा त्या काळात गरीब घरातील तरुणाला सैन्यात पोट भरण्यावाचून दुसरा मार्ग क्वचितच असे. निकोलसही ड्यूकच्या सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाला.

सैन्यात असताना तो जर्मन सैनिकांच्या एका तुकडीच्या हाती सापडला. त्यांनी त्याला हेर ठरविले आणि फाशी देण्याचा धाक घातला. निकोलसने शांतपणे सांगितले की, आपण हेर नाही. आपल्या हातून असा कोणताही अपराध घडलेला नाही, आणि म्हणून मरणाचे आपणांस भय वाटत नाही. त्याची ती निर्भय मुद्रा पाहून शत्रूने त्याला सोडून दिले. पुढे १६३५ साली स्वीडिश सैन्याने रांबेर्व्हिले या गावावर हल्ला केला, तेव्हा झालेल्या चकमकीत तो जखमी झाला. त्याचे सैनिकी जीवन तेथेच संपले. तो लंगडतच आईबापांच्या घरी परतला आणि ते लंगडेपण त्याला जन्मभर सोबत करीत राहिले.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला आपल्या गतायुष्याचा विचार सुचू लागला. युद्धात पाहिलेल्या आणि केलेल्या कित्येक गोष्टी त्याच्या मनाला डाचू लागल्या. आता उरलेले आयुष्य देवाला द्यावे, असे त्याने ठरविले. पण ते कसे द्यावे, हे कळेना. काही काळ तो एका सद्गृहस्थाबरोबर एकांतात राहिला. त्या एकांतात मात्र त्याचे मन स्थिरावले नाही. कधी आनंदाची भरती येई, तर कधी निराशेची ओहोटी लागे. ज्याच्या मनाला अजून शिस्त लागलेली नाही, त्याने एकट्याने राहणे धोक्याचे आहे, हे त्याने ओळखले. मग तो पॅरिसला आला आणि फ्यूबे नावाच्या एका खजिनदाराच्या घरी हुजऱ्या म्हणून राहिला. या नोकरीतही त्याला यश आले नाही. तो अंगाने थोराड आणि हाताने अडाणी होता. जी वस्तू उचलावी ती त्याच्या हातून फुटे. आपण भलतेच धांदरट नोकर होतो, हे पुढे तो स्वतःच हसत सांगे.

अखेर इ. स. १६४० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने व्होजिरार रस्त्यावरील मठाचे दार ठोठावले. हा मठ कार्मेल संघाच्या ज्या शाखेचा होता, तिची सुधारणा सोळाव्या शतकात स्पेन देशातील संत तेरेसा आणि क्रूसभक्त संत योहान यांनी केली होती. संत तेरेसा यांनी मनुष्याच्या आत्म्याला अनेक दालने असलेल्या गढीची उपमा दिली आहे. त्या गढीच्या अगदी आतल्या दालनात देव राहतो, असे त्या शिकवीत. निकोलसला लॅटिन भाषा येत नव्हती. त्यामुळे धर्मगुरू होण्याचा प्रश्नच नव्हता. मठातील अंगमेहनतीची कामे करणारा साधा ब्रदर म्हणून त्याला प्रवेश मिळाला. त्याचे नाव बदलून लॉरेन्स असे ठेवण्यात आले. दोन वर्षांची उमेदवारी संपल्यावर ऑगस्ट १६४२ मध्ये त्याने दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची कायमची व्रते घेतली.

मठात प्रवेश करताना त्याच्या मनात एक विलक्षण समजूत होती. आपल्या धांदरटपणाबद्दल आणि दोषांबद्दल येथे आपली चांगलीच कानउघाडणी होईल, सुखाला मुकावे लागेल, आणि ते सारे दुःख आपण देवाला अर्पण करू, असे त्याने मनाशी योजले होते. परंतु घडले ते निराळेच. देवाने आपणांस चांगलेच फसविले, कारण दुःख मागावयास आलेल्या आपणांस त्याने समाधानच दिले, असे ब्रदर लॉरेन्स पुढे विनोदाने म्हणत.

तरीही ते समाधान सहजासहजी हाती आले नाही. मठात त्यांना मुदपाकखान्याचे काम देण्यात आले; आणि स्वयंपाकाच्या कामाचा त्यांना मनापासून तिटकारा होता! पहाटे उठून चूल पेटवावी, पाणी भरावे, भाज्या चिराव्या, मोठमोठी हंडी चढवावी आणि उतरवावी, असा तो रोजचा क्रम. कार्मेल संघाच्या नियमाप्रमाणे मांसाहार वर्ज्य होता. आजाऱ्यांपुरता तेवढा अपवाद केला जाई. सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टर सणापर्यंत उपवासाचे दिवस पाळले जात. म्हणजे मोजक्या आणि साध्या पदार्थांतच साऱ्या मठाची भूक भागवावयाची. त्यातच एक जण मीठ मागे, दुसरा पाणी मागे, तिसऱ्याला आजाऱ्यासाठी निराळे काही हवे असे. आणि हे सारे एकाच वेळी. लंगड्या पायाच्या आणि धांदरट हाताच्या मनुष्याला ही मोठीच परीक्षा होती.

याच काळात त्यांच्या अंतःकरणात आणखी एक आग धुमसत होती. तिची वार्ता बाहेरच्या कोणालाही नव्हती. आपली जुनी पापे त्यांच्या डोळ्यांपुढे सदैव उभी राहत. देवाची कृपा आपल्यावर आहे असे कधी वाटलेच, तर तो आपला अहंकारच असला पाहिजे, असा संशय त्यांना येई. आपला उद्धार होणे नाही, आपण नरकातच जाणार, अशी त्यांची खात्री होऊन बसली. कोणी कितीही समजूत घातली तरी ती खात्री ढळेना. ही मनोव्यथा सुमारे दहा वर्षे टिकली. तिच्यातील चार वर्षे तर अगदी असह्य होती. दिवसा ते चुलीपुढे उभे राहत, सर्वांना वेळेवर जेवू घालीत; आणि त्याच वेळी आपल्यासाठी देवाच्या घराचे दार कायमचे बंद झाले आहे, असे त्यांना वाटत असे.

या अंधारातून ते कसे बाहेर पडले? एखादा चमत्कार झाला नाही, किंवा कोणी गुरूही धावून आला नाही. एके काळी त्यांनी मनाशी एक निश्चय केला. आपला उद्धार होवो वा न होवो, तो हिशेब देवाचा आहे, आपला नव्हे. आपण या मठात देवावरील प्रीतीसाठी आलो. तेव्हा जिवात जीव असेतोपर्यंत जे करावयाचे ते त्याच्या प्रीतीसाठी करावे. निदान एवढे तरी आपल्या हातून घडेल. या निश्चयाने त्यांनी स्वतःच्या भवितव्याची काळजी खाली ठेवली. काही काळाने आपल्या मनातील वादळ शमले आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. ज्या दाराशी आपण भीत भीत उभे होतो, ते दार आपल्या आतच होते आणि ते उघडेच होते, अशी त्यांना प्रतीती आली.

आता मुदपाकखाना तोच, हंडी तीच आणि गडबडही तीच होती. पण ब्रदर लॉरेन्स बदलले होते. त्यांची रीत अगदी साधी होती. कामास हात घालण्यापूर्वी ते देवाशी दोन शब्द मनातल्या मनात बोलत. आपल्याला हे काम दिले आहे, तेव्हा ते नीट करण्यासाठी जवळ राहावे, अशी विनंती करीत. काम चालू असता मधूनमधून अंतरी दृष्टी वळवीत. काम संपले म्हणजे ते कसे झाले हे स्वतःशी तपासून पाहत. चांगले झाले असेल तर आभार मानीत, बिघडले असेल तर क्षमा मागत. तव्यावरील अंड्याची पोळी उलटावयाची तर ती देवाच्या प्रीतीसाठी उलटावी, आणि दुसरे काही करण्याजोगे नसेल तर जमिनीवरील गवताची काडी त्याच प्रीतीसाठी उचलावी, अशी त्यांची वृत्ती झाली. देवाला कामाचा आकार दिसत नाही, त्या कामामागील प्रीती दिसते, असा त्यांचा विश्वास होता.

ही रीत वाचावयास जितकी सोपी, तितकी आचरावयास कठीण आहे, हे ते जाणून होते. सुरुवातीला त्यांचे मन घटकाघटका भरकटत असे. हंड्यातील उकळीबरोबर चित्तही कोठच्या कोठे जाई. अशा वेळी ते स्वतःवर चिडत बसत नसत. आपण दुर्बळ आहो, आपल्याला एकटे सोडले तर आपण असेच वागणार, हे देवापाशी सरळ कबूल करावे आणि पुन्हा त्याच्याकडे वळावे, एवढेच ते करीत. चूक झाली म्हणून तीच उगाळीत बसणे म्हणजे देवाला सोडून पुन्हा स्वतःकडेच पाहत राहणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसातून शंभर वेळा मन निसटले, तर शंभर वेळा त्याला हळूच परत आणावे. या परत येण्याची सवय जडता जडता, पुढे देवाची आठवण ठेवण्यापेक्षा त्याला विसरणेच आपणांस अवघड होऊन बसले, असे ते सांगत.

याचा अर्थ ते कामात दुर्लक्ष करीत, असा मात्र नव्हे. ते घाई करीत नसत आणि आळसही करीत नसत. एक काम पुरे करून मगच दुसऱ्यास हात घालीत. मठातील ठरलेल्या प्रार्थनाही ते नेमाने करीत. पण प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांना भेद उरला नव्हता. वेदीपुढे गुडघे टेकले असता जी शांती त्यांना लाभे, तीच भांड्यांच्या खणखणाटातही लाभू लागली. ज्या कामाचा पूर्वी तिटकारा होता, त्या कामात त्यांनी सुमारे पंधरा वर्षे घालविली आणि ते त्यांना पुढे सोपे वाटू लागले.

स्वयंपाकाखेरीज इतरही कामे त्यांच्यावर येऊन पडत. १६६५ साली मठासाठी द्राक्षाचे मद्य खरेदी करण्याकरिता त्यांना ओव्हेर्न्य प्रांतात पाठविण्यात आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी बर्गंडीत. खरेदी-विक्रीच्या व्यवहारात त्यांना काडीचेही गम्य नव्हते. शिवाय लंगड्या पायामुळे मालवाहू होडीत पिंपांवरून अंग लोटीत लोटीत सरकण्यावाचून गत्यंतर नसे. परंतु हे काम देवाचेच आहे, असे म्हणून ते निघाले. आणि काम पुरे करून परत आले. ते कसे पार पडले हे आपणांस नीटसे सांगता येत नाही, पण ते पार पडले खरे, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

पुढे पायाचे दुखणे वाढले, तेव्हा त्यांना बसून करण्याजोगे काम देण्यात आले. ते मठवासीयांची पादत्राणे शिवू आणि दुरुस्त करू लागले. तरीही अडीनडीला मुदपाकखान्यात मदतीस जात. आता त्यांच्याविषयी मठाबाहेरही कुजबुज होऊ लागली होती. या चांभारकाम करणाऱ्या वृद्ध ब्रदरपाशी घटकाभर बसले तर मनाला शांती लाभते, असा अनेकांना अनुभव येऊ लागला. ३ ऑगस्ट १६६६ रोजी जोझेफ द बोफोर नावाचे धर्मगुरू त्यांना प्रथम भेटले. बोफोर हे पॅरिसच्या धार्मिक वर्तुळात वावरणारे विद्वान गृहस्थ होते. त्यांनी ब्रदर लॉरेन्स यांच्याशी झालेली संभाषणे घरी जाऊन टिपून ठेवली. फेनेलॉन या प्रख्यात लेखकानेही त्यांची भेट घेतली होती. त्या वेळी ब्रदर लॉरेन्स फार आजारी होते. पण त्यांची प्रसन्नता पाहून फेनेलॉन चकित झाला.

दूरच्या लोकांना ते कधी कधी पत्रे लिहीत. कोणी मठवासी भगिनी असे, कोणी संसारी स्त्री असे, तर कोणी दुखण्याने गांजलेला असे. एका सैनिकासंबंधी लिहिताना, रणांगणावर हातात तलवार असतानाही देवाचे क्षणमात्र स्मरण करता येते, असे त्यांनी सुचविले. ज्याने स्वतः युद्ध पाहिले होते, त्याचाच हा सल्ला होता. चर्चमध्ये जावयास सवड नाही म्हणून कोणी हळहळू नये, प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाचेच प्रार्थनामंदिर करावे आणि तेथे वेळोवेळी जाऊन देवाशी बोलावे, हे त्यांच्या सांगण्याचे सार होते. एकदा आपल्या साधनेची हकीकत लिहून पाठविताना, हे पत्र दुसऱ्या कोणालाही दाखवू नये, अशी अट त्यांनी घातली होती. आपले नाव व्हावे, ही इच्छा त्यांना शिवलीही नव्हती.

उतारवयात त्यांच्या शरीराला व्याधींनी घेरले. शेवटच्या आजारात त्यांना फुप्फुसाच्या दाहाच्या असह्य वेदना होत. तरी भेटावयास येणाऱ्यांना ते दुःखी दिसत नसत. उलट आपल्याला अधिक दुखत नाही, हीच जणू त्यांची तक्रार होती. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी, सुमारे सत्त्याहत्तर वर्षांचे होऊन, त्यांनी शांतपणे देह ठेवला. मठात त्यांनी अर्धशतक काढले होते. एवढ्या काळात त्यांना कोणताही अधिकार मिळाला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर बोफोर यांनी त्यांची टिपणे व पत्रे एकत्र केली आणि १६९२ व १६९४ या साली ती दोन लहान पुस्तकांच्या रूपाने छापली. पुढे फ्रान्समध्ये साधनेच्या मार्गावरून मोठा वाद माजला. १६९९ साली फेनेलॉनच्या एका ग्रंथावर पोपने ठपका ठेवला. या वादाची छाया ब्रदर लॉरेन्स यांच्या पुस्तकांवरही पडली आणि त्यांच्याच देशात ती बराच काळ मागे पडली. परंतु इतर देशांतील प्रॉटेस्टंट वाचकांनी त्यांना आश्रय दिला. प्येर प्वारे या प्रॉटेस्टंट विद्वानाने ती पुन्हा छापली; इंग्लंडात मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्यांचा सारांश आपल्या ग्रंथमालेत घेतला. ज्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पंथांत त्या काळी उघड वैर होते, त्या दोन्ही पंथांतील लोकांना एका आचाऱ्याचे बोल आपले वाटले. पुढे या संभाषणांची व पत्रांची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

त्यांच्या मठावर पुढे दुःखाचा प्रसंग आला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्या वास्तूचा तुरुंग करण्यात आला आणि सप्टेंबर १७९२ मध्ये तेथे कोंडलेल्या शंभरावर धर्मगुरूंची हत्या झाली. कार्मेल संघाचे संन्यासी तेथून गेले. आज त्या जागी पॅरिसचे कॅथलिक विद्यापीठ आहे आणि मठाचे जुने चर्च अद्यापि उभे आहे.

मठ गेला, पण तेथील एका आचाऱ्याने आयुष्यभर जपलेली रीत नाहीशी झाली नाही. ती जपण्यासाठी मठाच्या भिंती लागत नाहीत, वेदी लागत नाही आणि विद्वत्ताही लागत नाही. ब्रदर लॉरेन्स यांना मठात सुरुवातीला मनाजोगे काम मिळाले नाही, हात शेवटपर्यंत कुशल झाले नाहीत आणि लंगडा पायही बरा झाला नाही. जे होते त्यातच त्यांनी देवाला राहावयास जागा दिली. ती जागा त्यांनी एकदाच झाडून ठेवली नाही. रोज नव्याने, आणि मन निसटले की त्याच क्षणी पुन्हा, ते ती झाडीत राहिले.